छतावरच्या युनिटची खरी किंमत कशी काढायची

लातूरला औसा रोडच्या आतल्या गल्लीत आमचं घर आहे. वरच्या दोन खोल्यांत नीटची तयारी करणाऱ्या मुली राहतात. यंदा एक हिंगोलीकडची, एक मुखेडची. मी बावीस वर्षं बँकेत कारकून होते. आता चार दालमिलचे हिशेब लिहिते. 2024 च्या सप्टेंबरात छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं आणि तेव्हापासून दर रविवारी कुणी ना कुणी विजेचं बिल घेऊन दारात येतं. "अक्का, बसवू का?"

मी उत्तर देत नाही. आधी बारा महिन्यांची बिलं मागते. एका बिलावर सोलरचा हिशेब करणं म्हणजे एका पावसावर पेरणी करणं. आणि दुसरं कारण असं की, सौर युनिटला स्वतःची अशी एक किंमत नसतेच. एकाच कंपनीचं पॅनेल, एकच ऊन, तरी त्यातून निघालेला युनिट माझ्या छतावर अठरा रुपयांचा असू शकतो, समोरच्या घरी पावणेसात रुपयांचा आणि माझ्या भावाच्या शेतात शून्याचा. हा फरक पॅनेलमुळे पडत नाही. सरकारचं अनुदान आणि वीज नियामक आयोगाचे नियम तो पाडतात. हे नियम आपल्या बिलावर कसे उतरतात ते कागद-पेन घेऊन कसं पाहायचं, ते इथं लिहिते.

आधी बिल वाचा

महावितरणच्या घरगुती बिलात चार-पाच ओळी महत्त्वाच्या असतात. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत आणून दिल्याचा), इंधन समायोजन आकार (इंधनाच्या चढ-उताराचा फरक) आणि शेवटी वीज शुल्क. वीज शुल्क घरगुती ग्राहकाला 16 टक्के. स्थिर आकार तुम्ही एकही युनिट वापरला नाही तरी लागतो आणि सोलर बसवल्यावरही लागतोच. "मोफत वीज" या शब्दावर विसंबून पुढं ज्यांना दीडशे रुपयांचं बिल आलं आणि राग आला, त्यांनी ही ओळ वाचलेली नव्हती.

आता टप्पे. पहिले 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 महाग, 301 ते 500 आणखी महाग, त्यावर सगळ्यात महाग. मी हिशेब केला तेव्हाचे, म्हणजे 2024-25 चे दर असे होते: पहिल्या टप्प्यात युनिटला 4.71 रुपये, दुसऱ्यात 10.29, तिसऱ्यात 14.55. प्रत्येकात 1.17 रुपये वहन आकार मिळवायचा. म्हणजे 5.88, 11.46 आणि 15.72. सिंगल फेजला स्थिर आकार 130 रुपये. 2025 मध्ये दर बदलले, पुढंही बदलतील. तुम्ही तुमच्या ताज्या बिलावरचे आकडे घाला, रीत तीच.

आमच्या घरी वर्षाची सरासरी 320 युनिट महिन्याला. मुलींच्या खोल्यांत रात्री एक-दीडपर्यंत दिवे असतात, मार्चपासून जूनपर्यंत कूलर. 320 युनिटांचं बिल असं बनतं: 100 युनिटांचे 588 रुपये, पुढच्या 200 चे 2,292, वरच्या 20 चे 314. त्यात 130 स्थिर आकार आणि सगळ्यावर 16 टक्के शुल्क. इंधन समायोजन सोडून 3,856 रुपये.

इथं बहुतेक जण 3,856 ला 320 ने भागतात आणि म्हणतात, आपल्याला युनिट बारा रुपयांना पडतो, म्हणजे सोलरचा प्रत्येक युनिट बारा रुपये वाचवेल. ही चूक आहे. सोलर तुमच्या बिलातले युनिट वरून खाली खात येतं. सगळ्यात महागाचा युनिट आधी जातो, सगळ्यात स्वस्ताचा शेवटी.

म्हणून मी एकेक किलोवॅट वेगळा मोजते. आपल्याकडं उन्हाची कमी नाही. एका किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरायला हरकत नाही, म्हणजे महिन्याला 120. पहिल्या किलोवॅटनं आमचे युनिट 320 वरून 200 वर आले. त्यात 15.72 चे वीस गेले आणि 11.46 चे शंभर. शुल्क धरून 1,694 रुपये वाचले. दुसऱ्यानं 200 वरून 80 वर. वाचले 1,466. तिसऱ्यानं उरलेले 80 युनिट खाल्ले, तेही 5.88 वाले. वाचले फक्त 546 रुपये, आणि 40 युनिट शिल्लक पडले.

तेच पॅनेल, तोच माणूस बसवायला, आणि तिसऱ्या किलोवॅटचं मोल पहिल्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. टप्प्यांचा दर गरिबाला स्वस्त आणि जास्त वापरणाऱ्याला महाग वीज देण्यासाठी बनवला आहे. तो सोलरसाठी बनवलेला नाही. पण जास्त वापरणाऱ्याला सोलर सगळ्यात फायद्याचं व्हावं, असा त्याचा परिणाम होतो. हे समजलं की पुढचं सगळं सोपं आहे.

अनुदान किती, आणि त्यातलं आपल्या पदरात किती

केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, आणि तिथं थांबा. तीनच्या वर कितीही बसवा, 78,000 च्या पुढं एक रुपया नाही. म्हणजे अनुदानही टप्प्यांसारखंच वरून उतरत येतं. माझ्याकडं आलेल्या पहिल्या विक्रेत्यानं पाच किलोवॅटचं कोटेशन आणलं होतं. "मॅडम, पुढं एसी घेताल." मी त्याला वरचाच हिशेब करून दाखवला. चौथ्या-पाचव्या किलोवॅटला ना अनुदान, ना बिलात खायला युनिट उरलेले. एसी घेईन तेव्हा बघू.

अनुदानात एक अट असते, तिची किंमत कोणी सांगत नाही. पॅनेल डीसीआर हवं, म्हणजे पॅनेलच्या आतले सेलसुद्धा भारतात बनलेले हवेत. बाहेरून आलेल्या सेलचं पॅनेल स्वस्त असतं, पण त्यावर हे अनुदान नाही. मी मुद्दाम दोन्ही दर लेखी मागितले. डीसीआरचा तीन किलोवॅटचा संच 1,95,000, दुसरा 1,60,000. आता मोजा. 78,000 अनुदानातले 35,000 तर देशी सेलच्या जादा किमतीत गेले. माझ्या पदरात खरे उतरले 43,000. मला त्याचं वाईट वाटलं नाही. इथं कारखाने उभे राहावेत म्हणून 2022 च्या एप्रिलपासून बाहेरच्या पॅनेलवर 40 टक्के आणि सेलवर 25 टक्के आयात शुल्क बसवलं होतं, त्याच धोरणाचा हा भाग. पण अनुदान ग्राहकाला किती आणि कारखान्याला किती, हे आपल्याला माहीत असायला हवं. तुम्हीही दोन्ही कोटेशनं घ्या आणि वजाबाकी करा.

कराचंही तसंच. मी घेतलं तेव्हा सोलरच्या वस्तूंवर जीएसटी 12 टक्के होता, 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के झाला. बसवणुकीसकट घेतलं तर 70 टक्के रक्कम वस्तू आणि 30 टक्के सेवा धरतात, सेवेवर 18 टक्के. दोन्ही मिळून आधी 13.8 टक्के पडायचे, आता 8.9. माझ्या संचाला आजच्या करानं साडेआठ हजाराच्या आसपास कमी लागले असते. म्हणून कोटेशनवर नुसती एकरकमी बेरीज घेऊ नका. मूळ किंमत वेगळी, कर वेगळा लिहून मागा. कर उतरला आणि बेरीज तीच राहिली असेल तर विचारायचा हक्क तुमचा आहे.

पैसे आधी तुम्हाला द्यावे लागतात. अनुदान मीटर बसून सगळं सुरू झाल्यावर तुमच्या बँक खात्यात येतं. तीन किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळतं, व्याज रेपो दरापेक्षा, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते त्यापेक्षा, अर्धा टक्का जास्त. बँकेत काम केलेली बाई म्हणून सांगते, हे वैयक्तिक कर्जापेक्षा फार स्वस्त आहे. घरात मुदत ठेव असेल तर ती मोडण्याआधी दोन्ही व्याजांची तुलना करा.

आणि एक काम सगळ्याच्या आधी. मीटर कुणाच्या नावावर आहे ते बघा. आमचं सासऱ्यांच्या नावावर होतं आणि त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. विक्रेत्यानं घाईघाईनं त्यांच्याच नावानं अर्ज भरला, बँक खातं माझं लावलं. नाव जुळेना. अर्ज रद्द, नाव बदल, मग पुन्हा अर्ज, यात दीड महिना गेला. मराठवाड्यात निम्म्या घरांचं मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल. आधी ते बदलून घ्या.

नेट मीटर हेच मोठं अनुदान

लोक 78,000 कडं बघतात. माझ्या मते खरा फायदा नेट मीटरचा आहे, आणि त्याच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही.

आमच्या घरी दुपारी बारा ते तीन काय चालू असतं? फ्रिज आणि एक पंखा. मुली क्लासला, मी दालमिलवर. पॅनेल मात्र तेव्हाच भरभरून देतं. ती वीज ग्रिडवर, म्हणजे महावितरणच्या तारांवर, जाते. रात्री मुली अभ्यासाला बसतात तेव्हा ग्रिडमधून परत येते. नेट मीटर दिलेले युनिट आणि घेतलेले युनिट यांची वजाबाकी करतो, युनिटाला युनिट. दुपारचा युनिट रात्रीच्या युनिटाएवढाच मोलाचा, असं नियम म्हणतो.

बाजार तसं म्हणत नाही. विजेचा बाजार आपल्या आडतीसारखाच आहे. वीज एक्स्चेंजवर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याचा सौदा वेगळा निघतो. विकणारे स्वस्तापासून महागापर्यंत रांगेत उभे. गरज भागेपर्यंत घेत जायचं, आणि ज्या शेवटच्या विक्रेत्यावर गरज पुरी झाली त्याचा भाव त्या पंधरा मिनिटांपुरता सगळ्यांना. दुपारी सौर वीज आडतीत सोयाबीन यावं तशी येते. दसऱ्यानंतर सगळ्या औसा-निलंग्याचं सोयाबीन एकदम बाजारात उतरतं तेव्हा पोटलीत, म्हणजे आडतीच्या सौद्यात, काय भाव निघतो ते आपण बघतोच. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 होता आणि शेतकरी त्याच्या कितीतरी खाली विकून घरी जात होता. दुपारच्या विजेचं तसं होतं. संध्याकाळी सूर्य गेला की सात-आठ वाजता तोच भाव चढतो. केंद्रीय आयोगानं 2023 च्या एप्रिलपासून त्यावर युनिटला 10 रुपयांची कमाल मर्यादा घातली, आणि टंचाईच्या संध्याकाळी भाव त्या मर्यादेला जाऊन टेकलेला आहे.

आता नेट मीटरचा अर्थ बघा. मी कंपनीला स्वस्ताच्या वेळेचं सोयाबीन देते आणि टंचाईच्या वेळेचं तेवढंच परत घेते. गोदामाचं भाडंही देत नाही. हे माझ्यासाठी फार चांगलं आहे. पण त्याचा खर्च कुणीतरी उचलतं, हे मी नाकारणार नाही.

म्हणून हा नियम कायम असाच राहील असं धरून हिशेब करू नका. वारं कुठं वाहतंय ते दिसतं आहे. केंद्रानं जून 2023 मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत बदल करून वेळेनुसार दर आणले. उन्हाच्या आठ तासांत वीज स्वस्त, संध्याकाळच्या मागणीच्या वेळी महाग. दहा किलोवॅटच्या वरच्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना 1 एप्रिल 2024 पासून, शेती सोडून बाकीच्यांना 1 एप्रिल 2025 पासून, स्मार्ट मीटर असेल तसतसं. जिथं दुपारचा युनिट मुळातच स्वस्त झाला, तिथं दुपारी बनवलेल्या युनिटाचं मोलही उतरतं. घरच्या सोलरवाल्यानं राज्य आयोगाचा दरआदेश येईल तेव्हा एकच गोष्ट शोधायची: दुपारी दिलेला युनिट रात्रीच्या युनिटातून वजा होतो, की फक्त दिवसाच्या?

मी माझ्यापुरती तयारी केली आहे. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री, सगळं अकरा ते तीन. आज त्यानं बिलात फरक पडत नाही, कारण वजाबाकी महिन्याची होते. नियम फिरला तर पडेल, तोवर घराला सवय झालेली असेल.

31 मार्च

या तारखेकडं सोलरवाल्यांचं लक्ष नसतं. महिन्याचे शिल्लक युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण आर्थिक वर्षापुरतेच. 31 मार्चला जे उरतील ते कंपनी आयोगानं ठरवलेल्या दरानं विकत घेते, आणि तो दर तुमच्या सगळ्यात स्वस्त टप्प्यापेक्षाही कमी असतो. एप्रिलला पाटी कोरी.

आता आपल्याकडचं वर्ष कसं असतं? एप्रिल-मे ऊन भरपूर, पण कूलर ते सगळं खातो. आमच्या घरी मे महिन्यात 430 युनिट गेले. जून ते सप्टेंबर ढग, पॅनेल निम्म्यावर. आणि डिसेंबर ते फेब्रुवारी ऊन लख्ख, हवा थंड, कूलर बंद. शिल्लक नेमकी हिवाळ्यात साठते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, कूलर लावायच्या वेळी, हातातून जाते. वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर असतं तर आमच्या भागाला जास्त सोयीचं झालं असतं. ते आपल्या हातात नाही. हातात एवढंच आहे की, संच सरासरीपेक्षा किंचित कमी क्षमतेचा घ्यावा, जास्तीचा नाही. बारा बिलांमधून महिनावार तक्ता करा: एका रकान्यात वापर, दुसऱ्यात अंदाजे उत्पादन, तिसऱ्यात शिल्लक. मार्चच्या ओळीत मोठा आकडा दिसला तर एक किलोवॅट कमी करा.

माझा तिसरा किलोवॅट या तक्त्यावर काठावर पास झाला. पावसाळ्यात त्याची गरज लागली आणि मार्चमध्ये थोडेच युनिट गेले. अडीच असतं तर अजून बरं झालं असतं असं आज वाटतं.

दोन बारीक गोष्टी इथंच सांगून टाकते. लाईट गेली की साधं ऑनग्रिड सोलरही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप ग्रिडपासून वेगळा होतो. ज्यांच्याकडं दुपारचं भारनियमन आहे त्यांनी उत्पादनातून तेवढे तास कापून हिशेब करावा. आणि धूळ. फेब्रुवारी ते मे पॅनेलवर पांढरा थर बसतो. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव; पॅनेल पाइपनं धुणं माझ्या मनाला पटत नाही. सूर्य वर यायच्या आधी अर्धी बादली पाणी आणि लांब दांड्याचं ओलं फडकं, आठवड्यातून एकदा. पुरतं.

दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी आता लागत नाही, 2024 पासून अर्ज आपोआप मान्य धरला जातो. तेव्हा "फाइल अडली आहे, वर काही द्यावं लागेल" असं कुणी म्हणालं तर पोर्टलवर अर्जाची स्थिती स्वतः बघा.

दालमिलचा हिशेब उलटा का

मिलमालक विचारतात, "ताई, तुमचं झालं, आता आमचंही करा." त्यांना मी सांगते, घरचा कागद बाजूला ठेवा. मिलला सूर्यघरचं अनुदान नाही. टप्पे नाहीत. मागणी आकार, म्हणजे मिलच्या कमाल भारावर लागणारा आकार, सोलरनं फारसा हलत नाही. आणि मिल चालते दिवसा, जेव्हा वेळेनुसार दरात सवलत असते. तेव्हा वाचलेला युनिट हा सवलतीचा युनिट धरा, सरासरीचा नाही. आयोगाच्या 2019 च्या नियमावलीत वेळेनुसार दर असलेल्या ग्राहकाचा वापराहून जास्त झालेला युनिट कमी मागणीच्या वेळेतला मानतात. तूर संपली, मिल बंद, पॅनेल चालू, तर ते युनिट सगळ्यात स्वस्त रकान्यात जातात.

त्यांना फायदा दुसरीकडून आहे. सौर यंत्रणेवर आयकरात 40 टक्के घसारा मिळतो. वीस लाखांचा संच असेल तर पहिल्याच वर्षी आठ लाख नफ्यातून वजा. पण वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर निम्माच. दरवर्षी फेब्रुवारीत एक तरी मालक घाई करतो. त्यांना सांगते, सप्टेंबरच्या आत सुरू करायचं असेल तर बोला.

शेतात युनिट शून्याचा असतो तेव्हा

माझा धाकटा भाऊ औसा तालुक्यात चार एकर करतो. पाच एचपीची मोटर. 2024 च्या एप्रिलपासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल राज्य सरकार भरतं, मार्च 2029 पर्यंत. 2003 च्या वीज कायद्याचं कलम 65 सांगतं की, सरकारला कुणाला स्वस्तात वीज द्यायची असेल तर फरक सरकारनं आगाऊ भरावा. तो फरक तिजोरीतून जातो, आणि शेतीचा दर मुळात कमी ठेवण्याचा काही भार उद्योग-दुकानांच्या चढ्या दरात असतो.

त्याला सोलरचा युनिट वाचवून रुपयाही मिळणार नाही. पण त्याला पैशाचा प्रश्नच नाही. तो म्हणाला, "अक्का, बिल शून्य हाय, पर लाईट रातच्याला येती." एक आठवडा दिवसा आठ तास, एक आठवडा रात्री दहा तास. रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, जायचं, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. शेतात सौर विजेची किंमत रुपयांत नाही, दिवसाच्या तासांत मोजायची. हे मला त्याच्याकडून समजलं.

त्याच्याकडं वीजजोडणी आहे, त्यामुळं मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत तो बसत नाही. ती जोडणी नसलेल्यांसाठी. आमच्या चुलतभावाचा नवा बोअर आहे, त्याला बसते: दहा टक्के हिस्सा, अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्यावर साडेसात. पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा त्यातच. तो कागद सातबाऱ्यासारखा जपायचा, गारपिटीनंतर तोच लागतो. एकदा पंप घेतला की ग्रिडची जोडणी नाही, म्हणजे ढगाळ आठवड्यात पाणीही नाही, हे धरून चालायचं.

भावासारख्यांसाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. गावच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभा राहतो आणि त्यावरचे शेतीचे फीडर, म्हणजे शेतांकडं जाणाऱ्या वीजवाहिन्या, दिवसा चालतात. या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प आपल्याच मराठवाड्यात, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला 2024 मध्ये सुरू झाला, 3 मेगावॅटचा. तिथली वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. तीच वीज दुपारी, शेजारच्याच शेतात वापरली जाते, लांबून आणताना गळत नाही. मला या सगळ्या धोरणात हा भाग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. दुपारच्या स्वस्त विजेला दुपारचाच गिऱ्हाईक मिळाला.

याच योजनेत गावात जमीन भाड्यानं मागायला माणसं येतात. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे एकरी 50,000, आणि दरवर्षी 3 टक्के वाढ. ही वाढ मूळ दरावर आहे, चक्रवाढ नाही. दरवर्षी एकरी 1,500 वाढणार, बस. पंचविसाव्या वर्षी 86,000 होतात. कोरडवाहू एकरात आठ क्विंटल सोयाबीन झालं आणि 2024 चा हमीभाव मिळाला तरी हातात 39,000, त्यातून बियाणं, फवारणी, मजुरी. तेव्हा मुरमाड, पडीक रानासाठी भाडं उत्तम आहे. पण विहिरीखालचं काळं रान पंचवीस वर्षांसाठी अडकवताना महागाईचा विचार करा. भावानं माळाचा एक एकर द्यायचं ठरवलं आहे, विहिरीकडचं नाही. मला पटलं.

शंभर युनिटांच्या आतल्यांसाठी

मागच्या गल्लीत एक मावशी राहतात, दवाखान्यात आया आहेत. त्यांचा वापर महिन्याला 90 युनिट. माझ्या रीतीनं त्यांचा सोलर युनिट 6.82 रुपयांचा पडतो, माझ्या महागातल्या युनिटाच्या निम्म्याहून कमी. महिन्याला सहाशे रुपये वाचतील, पण साठ हजार आधी कुठून आणायचे? केंद्राच्या अनुदानात त्यांना एका किलोवॅटचे 30,000 आणि मला 78,000, ही गोष्ट मला खटकत राहिली.

राज्याची स्मार्ट योजना आली तेव्हा म्हणून बरं वाटलं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला एका किलोवॅटसाठी केंद्राच्या 30,000 वर राज्याचे 17,500. योजनेत संचाची किंमत पन्नास हजार धरली आहे, त्यात पदरचे अडीच हजार. तुमच्या गल्लीत असं कुणी असेल तर त्यांचा अर्ज तुम्ही भरा. पोर्टल, ओटीपी, ग्राहक क्रमांक हे त्यांच्यानं होत नाही. मावशींच्या एका खोलीला स्लॅब आहे, दक्षिणेला झाड नाही, मी वर जाऊन बघून आले. मीटर मात्र अजून त्यांच्या वारलेल्या यजमानांच्या नावावर आहे. सोमवारी मृत्यूचा दाखला आणि घरपट्टीची पावती घेऊन आम्ही दोघी आधी नाव बदलायला जाणार आहोत.